छोट्या इंजिनला टर्बो बसवण्याआधी: इंजिनची तयारी

तेलकट_हात (धागालेखक)

टर्बो कोणता घेऊ, हा प्रश्न इथे सतत येतो आणि दरवेळी चर्चा टर्बोच्या मॉडेलपाशीच अडकते. तो ज्याच्यावर बसणार त्या इंजिनाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा वेगळा धागा. १.० ते १.४ लिटरचं, चार सिलिंडरचं, पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकमध्ये फवारणारं) साधं पेट्रोल इंजिन आहे आणि त्यावर ०.५ बारच्या आसपास बूस्ट (टर्बोने वातावरणापेक्षा वर चढवलेला हवेचा दाब) चालवायचा आहे, असं धरून लिहितोय. डिझेल इथे नको, त्याचं गणित पूर्ण वेगळं.

माझं मत आधीच मांडतो. टर्बो ही शेवटची खरेदी असावी. छोटी इंजिनं जास्तीच्या ताकदीने सहसा मरत नाहीत, नॉकिंगने मरतात. ठिणगीनंतर ज्योत शांतपणे पसरायच्या ऐवजी कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण एकदम पेटतं, दाबाचा तडाखा बसतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली कडा तुटते. अशा तडाख्यांची सवय कुठल्याच ओतीव पिस्टनला नसते. त्यामुळे तयारी म्हणजे नॉकिंगपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहण्याची सोय करणं. घोडे (हॉर्सपॉवर) किती वाढणार ते नंतर.

पहिलं काम: आहे ते इंजिन तपासा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांत फरक किती, हे जास्त बोलकं असतं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर पुढे जाऊ नका. त्यानंतर लीकडाउन टेस्ट करा. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या वर गेलं तर इंजिन उघडावंच लागेल. या चाचणीत कानाचा उपयोग करा. हवा थ्रॉटलकडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

हे दोन आकडे हातात नसताना टर्बो विकत घेणं मला पटत नाही. थकलेल्या इंजिनावर बूस्ट चढवला की पहिल्या दिवसापासून ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढतो, ऑइल इनटेकमध्ये येतं, आणि ऑइलची वाफ मिसळली की पेट्रोलची नॉकिंग सोसायची ताकद आणखी घटते. एक दुखणं दुसऱ्याला वाढवत जातं.

दुसरं: कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा, कागदावर मांडा. उदाहरण घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मिमी. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ३२४.७ सीसी. रेशो ९.५ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३२४.७ भागिले ८.५, म्हणजे ३८.२ सीसी. रेशो ८.५ वर आणायचा तर ती जागा ४३.३ सीसी हवी. फरक ५.१ सीसीचा.

इथे बरेच जण म्हणतात, जाड हेड गॅस्केट टाक, काम झालं. मोजून बघा. ७५ मिमी व्यासाच्या गॅस्केटची जाडी १ मिमीने वाढवली की सुमारे ४.४ सीसी मिळतात. म्हणजे गॅस्केटची जाडी सुमारे १.१५ मिमीने वाढवावी लागेल. पिस्टनच्या सपाट कडेचं आणि हेडच्या सपाट भागाचं अंतर, ज्याला स्क्विश म्हणतात, ते ०.८ ते १.० मिमी असलं की तिथलं मिश्रण जोरात मधोमध ढकललं जातं, चांगलं घुसळलं जातं आणि लवकर जळून संपतं. तेच अंतर दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की कडेला मिश्रण नुसतं पडून राहतं आणि नॉकिंग नेमकं तिथूनच सुरू होतं. रेशो कमी केला नॉकिंग टाळायला, आणि नॉकिंगला घर करून दिलं. जागा वाढवायची तर पिस्टनच्या डोक्यात, वाटीसारख्या खोलगट भागात वाढवा. कडा तशीच राहू द्या.

आणि ०.५ बारसाठी ८.५ पर्यंत उतरायची गरज आहेच असं नाही. चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), हातातलं टायमिंग (ठिणगी कधी पडायची ती वेळ) आणि चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल असेल तर ९.० पुरतो, त्यासाठी फक्त २.४ सीसी वाढवायचे असतात. रेशो जितका उतरवाल तितकी बूस्ट येण्याआधीची गाडी मेंगळट होते, आणि रोजच्या चालवण्यात इंजिन बहुतेक वेळ तिथेच असतं.

तिसरं: हवेचं तापमान. ३० अंशाची हवा ०.५ बार बूस्टसाठी दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली, तर ती सुमारे ८५ अंशांवर बाहेर पडते. ०.८ बारला ११० च्या पुढे जाते. ६५ टक्के परिणामकारक इंटरकूलर त्या ८५ चे ५० पर्यंत आणतो. इंटरकूलर नंतर बघू म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

रिंगांचे गॅप, इंधन आणि इग्निशन यावर इथल्या जाणकारांनी लिहावं, ही विनंती. लेथवरून, टायमिंग_लाइट, वाट बघतोय.

---

चौथा_गिअर

दादा, फार नेटकं लिहिलंय. एक शंका. आजकाल कंपनीतूनच येणारी १ लिटरची टर्बो इंजिनं १०:१ रेशोवर चालतात. फोर्डचं १.० इकोबूस्ट १०:१ चं आहे. मग आपण ९ वर का यायचं? जुने नियम चालवतोय असं तर नाही ना?

---

तेलकट_हात

रास्त प्रश्न. त्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते तिथे बाष्प होताना आतलीच उष्णता शोषून घेतं, त्यामुळे मिश्रण थंड राहतं. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा बराच भाग इनटेकच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर बाष्प होतो, म्हणून तो फायदा कमी मिळतो. त्यात नॉक सेन्सरवर सतत लक्ष ठेवणारा संगणक, व्हॉल्व्हचं बदलतं टायमिंग आणि इकोबूस्टमध्ये तर हेडमध्येच ओतलेला, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. हे सगळं मिळून १० परवडतो. आपल्याकडे यातलं काही नसतं.

याला इतिहासही आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरचा रेशो १०.२५ होता आणि वर टर्बो. नॉकिंग रोखायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडावं लागायचं, त्याची वेगळी टाकीच होती. मालक ती भरायला विसरायचे. दुसऱ्या टोकाला १९८० ची रेनो ५ टर्बो. १३९७ सीसी, १६० घोडे आणि रेशो ७:१. त्या काळात इलेक्ट्रॉनिक मदत तुटपुंजी होती, म्हणून सगळी सुरक्षितता रेशोतूनच काढली. आपण या दोघांच्या मध्ये उभे आहोत. हातात प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनचा संगणक) आहे पण थेट फवारणी नाही, म्हणून ९ च्या आसपास.

---

अर्धा_बार

मी थोडा वेगळ्या मताचा आहे. ०.३ ते ०.४ बारवर थांबणार असाल आणि इंजिन तपासणीत निरोगी निघालं असेल तर हेड उघडूच नका. कारखान्यात बसवलेलं गॅस्केट, कारखान्यातली सफाई, इतक्या वर्षांत एकमेकांत बसलेले भाग. घरगुती ओव्हरहॉलमध्ये याहून वाईट इंजिन तयार होण्याची शक्यता भरपूर असते. ९.५ चा रेशो तसाच ठेवा, इंटरकूलर मोठा घ्या, बूस्टमध्ये टायमिंग मागे ओढा, मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त) ठेवा. कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) हात लावू नका. मूळ कॅम टर्बोला छान चालतो. जास्त ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) रेसिंग कॅम लावला आणि एक्झॉस्टमधला दाब बूस्टपेक्षा जास्त झाला की जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो.

---

लेथवरून

अर्धा_बार यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत. नीट चालणारं इंजिन उगाच उघडू नये. पण एकदा ०.५ ओलांडायचं ठरलं तर हेड उघडावं लागतं, आणि उघडलं की अर्धवट काही करू नये.

रिंग गॅप. टर्बोमध्ये वरची रिंग जास्त तापते, जास्त फुगते. तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की रिंगला जायला जागा उरत नाही, ती बोअरला चावते आणि पिस्टनची कडा उखडते. असे पिस्टन माझ्याकडे येतात. मालक म्हणतो नॉकिंग झालं, आणि रिंगेची टोकं बघितली तर आरशासारखी चकचकीत, म्हणजे एकमेकांवर घासलेली. बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००५ ते ०.००६ मिमी हा रस्त्यावरच्या टर्बोसाठी ढोबळ हिशोब. ७४ च्या बोअरला ०.३७ ते ०.४४ मिमी. दुसऱ्या रिंगेचा गॅप त्याहून किंचित जास्त, म्हणजे दोन रिंगांच्या मध्ये दाब साठून वरची रिंग उचलली जात नाही. पिस्टनसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

गॅप मोजताना रिंग बोअरमध्ये तिरकी बसू देऊ नका, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करा, मग फिलर गेज घाला. घासताना एकाच टोकाकडून, बाहेरून आत. आतून बाहेर घासलं तर कडेवरचं लेपन उडतं. शेवटी बारीक दगडाने बुरं काढा. प्रत्येक रिंग तिच्या तिच्या सिलिंडरमध्येच मोजायची. चारही एकदम घासून ठेवल्या आणि मग कुठेही बसवल्या, असं करू नका.

पिस्टन. मूळ ओतीव पिस्टनच्या डोक्यात लेथवर वाटी पाडून द्या म्हणणारे बरेच येतात. डोक्याची जाडी मोजल्याशिवाय मी मशीनला लावत नाही. पातळ डोकं आधी उष्णतेने खचतं, मग भोक पडतं. घडीव पिस्टन घेत असाल तर मिश्रधातू विचारा. ४०३२ मध्ये सिलिकॉन भरपूर असतं, तो कमी फुगतो, त्यामुळे बोअरमध्ये गॅप कमी लागतो आणि रोजच्या गाडीला बरा. २६१८ जास्त चिवट असतो, मार सोसतो, पण जास्त फुगतो म्हणून मोठा गॅप द्यावा लागतो. थंड इंजिनात तो खडखडतो. तो आवाज ऐकून घाबरू नका, गरम झाल्यावर थांबतो.

गॅस्केट. धातूच्या पदरांचं, म्हणजे एमएलएस गॅस्केट घ्या, पण त्याला पृष्ठभाग आरशासारखा लागतो. घासकागदाने हाताने चोळलेल्या हेडवर ते धरत नाही. हेड आणि ब्लॉक दोन्ही सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासा. ०.०५ मिमीच्या वर वाक असेल तर मशीनवर घ्या. हेडचे मूळ बोल्ट ताणून घट्ट होणारे असतील तर ते एकदाच वापरायचे असतात. स्टड लावलेत तर टॉर्क रेंचवर वाचलेला आकडा आणि स्टडच्या कागदावरचं वंगण, दोन्ही जुळलं पाहिजे. इंजिन ऑइल लावून काढलेला आकडा आणि खास पेस्ट लावून काढलेला आकडा वेगळे असतात. आणि ब्लॉकच्या आंधळ्या भोकांत ऑइल किंवा कूलंट राहू देऊ नका. बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जातो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट थोडी रुंद ठेवा. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. रेसवाले सीट बारीक करतात, ते आपल्या कामाचं नाही.

---

चौथा_गिअर

साहेब, कनेक्टिंग रॉडचं काय? जिथे तिथे घडीव रॉड घ्या असंच वाचतो.

---

लेथवरून

रॉडवर दोन वेगळे ताण असतात. जास्त आरपीएमला पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो, तेव्हा रॉड ताणला जातो, आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. बूस्टने वाढतो तो दाबाचा भार, जो रॉडला वाकवतो. म्हणून मूळ रॉडवर टर्बो चालवायचा तर मूळ रेडलाइनच्या पुढे जाऊ नका आणि २००० आरपीएमलाच सगळा टॉर्क एकदम येईल अशी ईसीयूची सेटिंग करू नका. बूस्ट हळूहळू चढू द्या. ०.५ बारला मूळ रॉड सहसा टिकतात. बेअरिंग मात्र उघडून बघाच, आणि रॉडचे बोल्ट नवीन टाका.

---

टायमिंग_लाइट

इंधनाचा हिशोब मी मांडतो, कारण इथे अंदाजाने भागत नाही.

वरच्याच इंजिनाकडून ११० घोडे अपेक्षित धरू. बूस्टमध्ये एका घोड्याला तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागेल असं धरा, श्रीमंत मिश्रणामुळे हा आकडा साध्या इंजिनापेक्षा जास्त आहे. म्हणजे तासाला ३० किलो, मिनिटाला ५०० ग्रॅम. घनता ०.७४ धरली तर ६७५ सीसी. चार इंजेक्टरांत प्रत्येकी १७०. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २१० सीसी प्रतिमिनिट हा किमान आकडा. २४० ते २७० चे घेतले तर थोडी उसंत राहते. ५०० चे घेऊ नका. आयडलिंगला ते इतका कमी वेळ उघडतात की प्रत्येक फवारा वेगळा पडतो आणि गाडी थरथरते.

आता एक गोष्ट हमखास निसटते. ३ बार हा इंधनाचा दाब इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक म्हणून महत्त्वाचा आहे. मॅनिफोल्डमध्ये ०.५ बार बूस्ट आला आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली नसेल, तर फरक उरतो २.५ बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून इंजेक्टर जवळपास ९ टक्के कमी पेट्रोल देतो, तेही नेमकं जिथे जास्त हवं तिथे. बऱ्याच नव्या गाड्यांत परतीची नळी नसते, रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे हे शंभर टक्के होणार. एकतर रेग्युलेटर पुढे आणून त्याला मॅनिफोल्डचा संदर्भ द्या, नाहीतर ईसीयूमध्ये ही तूट भरून काढा. पंप ३.५ बारलाही पुरेसं पेट्रोल देतो का, हे मोजून घ्या.

मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. मूळ सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. बूस्ट ०.१ असो की ०.६, त्याला सारखंच दिसतं. २.५ किंवा ३ बारचा सेन्सर आणि तो समजणारा ईसीयू हवा. इनटेकच्या हवेचा तापमान सेन्सर इंटरकूलरच्या नंतर बसवा, आधी नाही. जुन्या किटमध्ये बूस्टबरोबर इंधनाचा दाब भरमसाट वाढवणारा रेग्युलेटर मिळायचा. आज त्या वाटेला जाऊ नका, टायमिंगचं तो काहीच करत नाही.

टायमिंग. दर ०.०७ बारला एक अंश मागे, हा ढोबळ नियम. ०.५ बारला ७ अंश. पण सुरुवात १० अंश मागे ओढून करा आणि हळूहळू पुढे या. फार मागेही ठेवू नका, जळण एक्झॉस्टमध्ये संपायला लागतं आणि टर्बो व मॅनिफोल्ड लालभडक होतात. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा). एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं, हे लक्षात ठेवूनच मागवा. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, कारण दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतो आणि मूळ १.१ च्या गॅपला बूस्टमध्ये ठिणगी विझते. मिश्रण पूर्ण बूस्टला एक भाग पेट्रोलला ११.५ ते १२ भाग हवा (वजनाने). मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच काय ते सांगतो, म्हणून वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर) लावल्याशिवाय बूस्टला हात लावू नका. यावर मी तडजोड करत नाही.

नॉक सेन्सर नसेल तर लावा. ७४ च्या बोअरला नॉकिंगचा मूळ स्वर साधारण ७.७ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, फिल्टर तिथे जुळवा. आणि प्लग काढून भिंगाखाली बघायची सवय ठेवा. पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसले तर इंजिन थांबवा. ते कण पिस्टनचे आहेत.

---

कार्बवाला

माझ्या गाडीला कार्ब्युरेटर आहे. मग माझ्यासाठी दार बंद का?

---

टायमिंग_लाइट

बंद नाही. १९८५ ची रेनो ५ जीटी टर्बो कार्बवरच चालायची, ११५ घोडे. टर्बोने दाबलेली हवा कार्बमधून ढकलायची. फ्लोट चेंबरला तोच दाब द्यावा लागतो, नाहीतर जेटमधून पेट्रोल येणारच नाही. पेट्रोल पंपाचा दाबही बूस्टच्या वर, रेग्युलेटरने बूस्टबरोबर वाढणारा हवा. शाफ्टच्या जागी हवा आणि पेट्रोल गळायला लागतं, फ्लोट चेपला जाऊ शकतो. आणि टायमिंग सांभाळायला काहीतरी इलेक्ट्रॉनिक हवंच. एवढं सगळं करायचं तर इंजेक्शनवर आलेलं सोपं, असं माझं प्रामाणिक मत.

---

ब्लोबाय

ऑइलकडे कोणीच वळलं नाही म्हणून लिहितो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेतो आणि साध्या बेअरिंगच्या टर्बोमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल आत न्यायला बारीक नळी पुरते, प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घेता येते. बाहेर येणारं ऑइल मात्र फेसाळलेलं असतं, त्याला दाब नसतो, ते फक्त उतारानेच जातं. परतीची नळी आतून १५-१६ मिमीची, शक्य तितकी उभी, मध्ये कुठेही पिशवी न पडणारी. ती चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. पातळीखाली उघडली तर ऑइल तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं. मग निळा धूर दिसतो आणि बिचाऱ्या टर्बोला नाव ठेवलं जातं. टर्बोचे सील रबराचे नसतात, पिस्टन रिंगसारखे असतात, तुंबलेलं ऑइल त्यांना अडवता येत नाही. चेंबरला भोक पाडायचं ते चेंबर खाली उतरवूनच. ग्रीस लावून चुरा धरतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, क्रँककेसची हवा. ती इनटेकमध्ये सोडणारा मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. बूस्टमध्ये मॅनिफोल्डमधून उलटा दाब क्रँककेसमध्ये शिरला की ऑइल सील बाहेर येतात, डिपस्टिक उडते. एकदिशा व्हॉल्व्ह लावा आणि त्या दाबाला बाहेर पडायला टर्बोच्या आधीच्या इनटेकमध्ये, मध्ये कॅच कॅन (ऑइल अडवणारा डबा) घालून, दुसरी वाट द्या. पेट्रोलच्या वाफेच्या कॅनिस्टरच्या नळीलाही तसाच एकदिशा व्हॉल्व्ह हवा. ब्रेक बूस्टरला तो मुळातच असतो, पण जुना असेल तर बदला. तिथे जुगार नको.

बूस्टच्या बाबतीत वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्चुएटरची छोटी रबरी नळी सर्वांत महत्त्वाची समजा. ती निसटली किंवा फाटली की वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट चढत जातो. चांगली सिलिकॉनची नळी, दोन्ही टोकांना क्लिप, आणि ईसीयूमध्ये बूस्ट ठराविक मर्यादेवर गेला की इंधन तोडण्याची सोय.

---

अर्धा_बार

+१. विशेषतः ऑइलच्या परतीबद्दल.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दल एवढंच: ओतीव लोखंडाचा मिळाला तर सोनं. पातळ स्टेनलेसच्या नळ्यांचा सुंदर दिसतो पण तापून फुगतो, गार होऊन आकसतो आणि वेल्डवर तडकतो. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकू देऊ नका, ब्लॉकपासून आधार द्या, आणि डाउनपाइपमध्ये (टर्बोनंतरच्या एक्झॉस्टच्या नळीत) लवचिक तुकडा घाला.

क्लच, ब्रेक आणि टायर हे वेगळ्या धाग्याचे विषय आहेत. पण १०० न्यूटन-मीटरसाठी बनलेली क्लचप्लेट १५० ला घसरणार, हे धरूनच चाला. आणि इंजिनातला असा बदल आपल्या भागात नोंदवावा लागतो का, विमा लागू राहतो का, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्या.

---

चौथा_गिअर

खूप शिकायला मिळालं. शेवटचा प्रश्न. सगळं बसवून झालं. पहिल्यांदा चावी फिरवताना काय काळजी घ्यायची?

---

तेलकट_हात

टर्बोच्या ऑइलच्या भोकात आधी हाताने स्वच्छ ऑइल ओता आणि चाक बोटाने फिरवा. मग इंधन आणि इग्निशन तोडून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. परतीची नळी चेंबरकडून सोडून खाली भांडं धरा, ऑइल वाहताना डोळ्यांनी दिसू द्या, मगच नळी परत जोडा आणि इंजिन सुरू करा. सुरू झाल्यावर रेस देऊ नका. गळती, ऑइलचा दाब, कूलंटचं तापमान, पंखा लागतो की नाही, हे बघत पूर्ण गरम होऊ द्या. कूलंटमधली हवा काढून टाका, हेडमध्ये अडकलेला एक बुडबुडा नॉकिंगला पुरतो.

नवीन रिंगा असतील तर आधी बूस्टशिवाय, पण फार हळुवारही नाही. मधल्या आरपीएमला मध्यम भार द्या आणि मग गिअरमध्येच थ्रॉटल सोडा, असं आलटून पालटून करत राहिलं की रिंगा बसतात. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा.

बूस्टचा पहिला टप्पा फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, बूस्ट कंट्रोलर न जोडता. प्रत्येक धावेचा लॉग ठेवा. आरपीएम, मॅप, वाइडबँड, टायमिंग, इनटेकचं तापमान, इंजेक्टरचा ड्यूटी (किती टक्के वेळ उघडा) आणि इंधनाचा दाब. शेवटचा आकडा बहुतेक जण घेत नाहीत, पण मिश्रण अचानक पातळ का झालं हे तोच सांगतो. जोरात चालवून आल्यावर एखादा मिनिट आयडलिंगवर ठेवा, नाहीतर टर्बोमधलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. पाण्याने थंड होणारा टर्बो असेल तर ती जोडणी टाळू नका, इंजिन बंद झाल्यावर उष्णता तीच बाहेर काढते.

पहिला लॉग इथेच टाका. टायमिंग_लाइट आणि मी दोघंही बघू. मात्र त्याआधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउनचे आकडे लिहा, त्यांच्याशिवाय लॉगवर बोलता येणार नाही.